एका पव्व्याचा हिशेब

गेल्या जुलैत इंदूरमधल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात मी भाड्याने राहणाऱ्या अकरा विद्यार्थ्यांना बसवलं. मधे स्टुलावर कोकम सरबताचा जग ठेवला, प्रत्येकाच्या हातात स्टीलचा पेला दिला आणि म्हटलं, "यातून एक पेग ओता. नेहमी ओतता तसा." बराच वेळ कुणी हललं नाही. काकू शिकवताहेत की पकडताहेत, हे त्यांना कळेना. मग एकाने धीर केला आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांनी ओतलं. माझ्याजवळ शंभर मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र आहे; पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर घरात एवढं तरी उरतंच. एकेक पेला त्यात रिकामा करत गेले. पहिल्याचा पेग निघाला 70 मिलिलिटर, दुसऱ्याचा 85. एकाचं सरबत मोजपात्राच्या काठावरून ओघळलं. मोठा पेग धरला तरी तो 60 चा. त्याच्या आत एकच पेला होता, आणि तो ज्याचा, तो मुलगा पीत नाही.

ही मुलं खोटं बोलत नसतात. "काकू, दोनच पेग घेतले," असं सांगतात तेव्हा त्यांना खरंच दोनच वाटत असतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 2003 मध्ये विद्यार्थ्यांना असेच पेले भरायला लावले होते. तिथेही हात सैल निघाला, आणि पेला जितका मोठा तितका जास्त सैल.

म्हणून पेग सोडून द्या आणि ग्रॅममध्ये मोजा. बाटलीत पाणी, रंग, वास सगळं असतं, पण शरीराची झुंज असते ती त्यातल्या शुद्ध अल्कोहोलशी. आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका साधारण 42.8 टक्के तीव्रतेची असते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलिलिटरचं वजन 0.79 ग्रॅम. म्हणजे 30 मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये 10 ग्रॅम अल्कोहोल. हे एक माप धरा. आता पव्वा घ्या, ज्याला महाराष्ट्रात क्वार्टर म्हणतात: 180 मिलिलिटर, सहा मापं, 60 ग्रॅम. खंबा, म्हणजे 750 ची बाटली, तिघांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या पोटात 84 ग्रॅम. आणि बिअर? "बिअर म्हणजे काही दारू नव्हे," असं म्हणणारे आईवडीलसुद्धा मला भेटले आहेत. आपल्याकडे खपते ती बहुतेक स्ट्राँग बिअर. 650 मिलिलिटरच्या, 8 टक्क्यांच्या एका बाटलीत 41 ग्रॅम असतं. चार लहान पेग. अशा दोन बाटल्या पिणारा मुलगा पव्व्याच्या बराच पुढे गेलेला असतो.

60 हा आकडा मी मुलांकडून पाठ करून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याच्या पिण्याची रेघ इथेच आखली आहे: एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त. अमेरिकेत ती थोडी वेगळी मांडतात, साधारण दोन तासांत पुरुषाला पाच ड्रिंक आणि बाईला चार. त्यांचं एक ड्रिंक 14 ग्रॅमचं. बाईसाठी रेघ खाली आहे, कारण सारख्या वजनाच्या पुरुषापेक्षा तिच्या शरीरात पाणी कमी असतं आणि तेवढीच दारू रक्तात जास्त दाट होते. मुलींनी मुलांच्या बरोबरीने पेले रिकामे करणं म्हणूनच जास्त घातक आहे. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठेच येत नाही.

या 60 ग्रॅमचं पुढे काय होतं ते पाहा. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल जाळतं, आणि चहा, अंघोळ, लिंबू, दही, कशानेही हा वेग वाढत नाही. साठ किलो वजनाच्या मुलाने तासाभरात पव्वा संपवला तर त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात सव्वाशे मिलिग्रॅमच्या पुढे अल्कोहोल जातं. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम. ती गाठायला सात तास लागतील. रात्री बाराला ग्लास खाली ठेवलेला मुलगा सकाळी सहाच्या बॅचला बाइकवरून निघतो, तेव्हा त्याला वाटतं रात्रीचं उतरलं. ते उतरलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं एक वेळ जाऊ द्या. खंडवा रोडवर सकाळी सहाला ट्रकही असतात.

व्यसन वेगळं, धोका वेगळा

दारूचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर व्यसनी माणूस येतो. मराठी घरांत तर 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आठवतं, आणि त्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण आमच्या वरच्या मजल्यावरची मुलं व्यसनी नाहीत. आठवडाभर थेंबाला शिवत नाहीत. शनिवारी किंवा पेपर संपल्यावर "आज बसू" म्हणतात आणि मग एकदम बसतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या 2014 च्या अभ्यासात प्रमाणाबाहेर पिणाऱ्या दर दहा माणसांतली नऊ माणसं दारूवर अवलंबून नव्हती. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात ती कधी जाणारच नाहीत, आणि घरचे "आमचा मुलगा काही दारुडा नाही" म्हणून निर्धास्त राहतील. घरच्यांचं म्हणणं खरंही असेल. संकट येतं ते मात्र एका रात्रीत.

माझ्यावर ती रात्र तीन वर्षांपूर्वी आली. रंगपंचमी होती. मुलं दिवसभर राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून परतली, अंगावरचा रंग निघालेला नव्हता. मी साडेदहाला दिवा मालवला. पहाटे दूध घ्यायला दार उघडलं तर जिन्यावर एक जण डोकं धरून बसलेला. "काकू, तो उठत नाहीये." वर गेले. वीस वर्षांचा मुलगा, उताणा झोपवलेला, गळ्यापर्यंत ब्लँकेट. गालावर गुलाल आणि त्याखाली चेहरा राखेसारखा. उशीवर ओकारी. हनुवटीला लिंबाच्या बिया चिकटलेल्या, कारण मित्रांनी रात्री दोन वाजता उतारा म्हणून त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतलं होतं. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला सात. 108 ला फोन केला. तो वाचला, पण ओकारी फुप्फुसात गेली होती. बरं व्हायला कित्येक दिवस गेले.

नंतर मी मित्रांना विचारलं, "दोन वाजताच खाली का नाही आलात? तेरा पायऱ्या आहेत." त्यातला एक खाली बघत म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना काकू, दारू दिसली तर सकाळी सामान बाहेर." सांगितलं होतं. भाड्याच्या करारात माझ्या अक्षरात लिहिलं होतं. माझ्या नियमाने पिणं थांबलं नव्हतं, फक्त दार आतून बंद झालं होतं, आणि दोन ते सहा हे चार तास त्या दाराआड गेले. ते चार तास माझ्या मनातून जात नाहीत.

त्या मुलांना काय माहीत असायला हवं होतं, ते इथे सविस्तर सांगते, कारण हे प्रत्येक घरात माहीत हवं. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात शिरत राहते, त्यामुळे झोपलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासाने आणखी बिघडू शकतो. "झोपू दे, उतरेल" हे वाक्य म्हणून भीतीदायक आहे. हलवून, चिमटा काढून, हाक मारून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर आणि अंग गार पडलं असेल, बेशुद्धीत ओकारी होत असेल, झटके येत असतील, तर यांपैकी एकही पुरे. 108 किंवा 112. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा, म्हणजे ओकारी बाहेर पडेल, श्वासनळीत जाणार नाही. तोंडात काही घालू नका. बोट घालून ओकवू नका. गार पाण्याखाली धरू नका, आधीच अंग गार पडत असतं. आणि एकट्याला सोडून जाऊ नका, खाली गाडीला वाट दाखवायला दुसऱ्याला पाठवा. डॉक्टरांना खरं सांगा: काय प्यायला, किती, किती वाजता, त्याबरोबर झोपेची गोळी, खोकल्याचं औषध किंवा एनर्जी ड्रिंक घेतलं होतं का. एनर्जी ड्रिंकने झोप उडते, नशा उतरत नाही. मुलगा ताजातवाना दिसतो म्हणून आणखी ओततो.

भीतीने मदत अडते, हे तिकडच्या विद्यापीठांनाही शिकावं लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये नियम केला, की मित्रासाठी रुग्णवाहिका बोलावली तर त्या रात्रीच्या पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले. असे नियम आता अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत.

नुसतं समजावून का भागत नाही

आपल्याकडे या प्रश्नावर ठरलेलं औषध म्हणजे व्याख्यान. सभागृह भरतं, एक डॉक्टर काळ्या पडलेल्या यकृताचं चित्र दाखवतात, शपथ होते, चहा होतो. मी स्वतः अशी व्याख्यानं ठेवली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यविषयक संशोधन संस्थेने 2002 मध्ये कॉलेजातल्या पिण्यावरचे सगळे उपाय तपासून त्यांची प्रतवारी केली, तेव्हा फक्त माहिती देण्याचा उपाय कुचकामी म्हणून सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. मुलाला माहिती असतेच. शनिवारी संध्याकाळी ती त्याच्या कामाला येत नाही. कामाला येतात दुसऱ्याच गोष्टी: दुकान किती पावलांवर आहे, पव्वा केवढ्याला आहे, वय कुणी विचारतं का, खोली कुणाची रिकामी आहे, घरमालक गावात आहे की नाही, आणि आपल्याशिवाय सगळेच पितात असं त्याला वाटतं का.

इंदूरच्या माणसाला हे कळायला अमेरिकेत जायची गरज नाही. "शहर स्वच्छ ठेवा" हे आमच्या भिंतींवर वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं आणि त्याच भिंतींखाली कचरा होता. मग रोज सकाळी दाराशी गाडी येऊ लागली, कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या, रस्त्यावर टाकणाऱ्याला दंड होऊ लागला, ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला कचरा परत करू लागला. 2017 पासून इंदूर देशात पहिलं येऊ लागलं. माणसं तीच होती, भोवतालची व्यवस्था बदलली होती.

कॉलेजच्या पिण्याबद्दल अमेरिकेत नेमकं हेच करून पाहिलं गेलं. हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी 1993 मध्ये 140 कॉलेजांतल्या 17,000 हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. 44 टक्के विद्यार्थी धोक्याचं पिणारे निघाले. त्यानंतर दहा विद्यापीठांच्या गावांत एक मोठा प्रयोग झाला. विद्यापीठ, नगरपालिका, पोलीस, बारमालक, घरमालक आणि विद्यार्थी एका टेबलाभोवती बसले. एकावर एक फुकट देणाऱ्या ऑफर बंद करणं, नवीन परवाने रोखणं, भाड्याच्या घरांतल्या पार्ट्यांची जबाबदारी घर वापरणाऱ्यावर टाकणं, अशी कामं हाती घेतली. 2004 मध्ये निष्कर्ष आले. ज्या गावांनी यातली बरीच कामं खरोखर केली तिथे पिणं आणि त्यातून होणारं नुकसान थोडं घटलं. ज्यांनी यातली थोडीच कामं केली तिथे काही बदल दिसला नाही. ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते.

कॅलिफोर्नियातल्या चौदा विद्यापीठांत नंतर आणखी काटेकोर प्रयोग झाला, निम्म्यांत उपाय केले आणि निम्मी तुलनेला ठेवली. त्यांनी जोर दिला तो सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांवर, कारण नवी मुलं तेव्हाच गट शोधत असतात आणि पिण्याच्या सवयी तेव्हाच बसतात. गोंगाटाच्या पार्ट्यांवर पोलीस तातडीने जात, अल्पवयीनाला दारू मिळते का हे दुकानांत तपासलं जाई, रस्त्यावर श्वासतपासणी होई, आणि हे सगळं होणार आहे असं आधीच जाहीर केलेलं असे. 2010 मध्ये निकाल छापून आला: कॅम्पसबाहेरच्या पार्ट्यांत झिंगण्याचं प्रमाण घटलं होतं, आणि ते दुसऱ्या एखाद्या जागी सरकलंही नव्हतं.

हे सरकणं आमच्याकडे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशातले सगळे अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले. शाळा-कॉलेजं, मुलींची वसतिगृहं आणि देवळं यांपासून दुकानाचं अंतर 50 वरून 100 मीटर झालं. निर्णय चांगला होता. कलालीसमोरून, म्हणजे दारूच्या दुकानासमोरून, शिकवणीला जाणाऱ्या मुलींचा रस्ता मोकळा झाला. पण अहात्यात बसणारे घरी गेले नाहीत. ते रिकाम्या प्लॉटवर, उभ्या गाडीत आणि आमच्या वरच्या खोल्यांत आले. पुढची सोय कुणी केलीच नव्हती.

दुसरं उदाहरण बीआरटीएसचं, म्हणजे शहरातल्या जलद बसमार्गाच्या रस्त्याचं. सप्टेंबर 2022 मध्ये त्या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात खाण्याची आणि इतर दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. हेतू आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची सोय हा होता. पुढे नशेतल्या तरुणांची भांडणं रात्री रस्त्यावर येऊ लागली, तक्रारी वाढल्या, आणि जुलै 2024 मध्ये योजना बंद झाली. लोकांनी एकत्र आवाज केला की निर्णय फिरतो, हे त्यातून दिसलं. पण दोन वर्षं आधी, परवानगी देतानाच, आजूबाजूच्या वस्तीला विचारलं असतं तर? पूर्ण बंदीच करा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. एप्रिल 2025 पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरसह 19 ठिकाणी दारूची दुकानं बंद आहेतच. तो वाद मोठा आहे आणि आमच्या गल्लीच्या हातात नाही. जे हातात आहे ते सांगते.

चौदा घरं

आम्ही राहतो ते भंवरकुआंपासून चालत दहा मिनिटांवर. चौकाला आता आदिवासी क्रांतिकारक टंट्या मामांचं नाव आहे, पण रिक्षावाले अजून भंवरकुआंच म्हणतात. झाबुआ, बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर, बैतूल, कुठकुठून मुलं इथे कोचिंगला आणि विद्यापीठात येतात. आमच्या गल्लीत विद्यार्थी ठेवणारी चौदा घरं आहेत, निम्मी मराठी. रंगपंचमीनंतर मी सगळ्यांना घरी बोलावलं. पहिलं वाक्य आलं, "आपल्याला काय करायचंय? ही काय आपली मुलं आहेत?" गडचिरोलीत बायांनी गावातली दारू बंद करवली ती आपल्या नवऱ्यांसाठी, आपल्या मुलांसाठी. इथली मुलं दोन वर्षांचे पाहुणे. त्यांचं इथे मत नाही, काका-मामा नाही, रात्री दोनला ज्याचं दार वाजवावं असं कुणी नाही. आपण फक्त भाडं मोजून घेतो.

चार बैठकांनंतर जे ठरलं ते असं. प्रत्येक खोलीच्या दारामागे एक कागद: धोक्याची लक्षणं, कुशीवर वळवायचं चित्र, 108, आणि गल्लीतल्या तीन घरांचे फोन नंबर. खाली ठळक अक्षरांत, "मदतीला हाक मारली तर त्या रात्रीबद्दल खोली सोडायला सांगणार नाही." यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. दोघांना वाटलं ही पिण्याला परवानगी आहे. मी माझ्या करारातली ओळ वाचून दाखवली आणि ते चार तास सांगितले. मग सही झाली.

त्याच कागदावर दुसरी बाजूही आहे. एका खोलीत राहणाऱ्यांखेरीज चारपेक्षा जास्त मंडळी रात्री अकरानंतर नकोत. खोलीत दारूचा साठा नको. जे मालक स्वतः तिथे राहत नाहीत त्यांच्या इमारतीची जबाबदारी शेजारच्या घराने घ्यायची, कारण मोठ्या बैठका तिथेच होत असत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावीच लागते. तो फॉर्म भरतानाच आम्ही हा कागद मोठ्याने वाचतो, आणि तोही जुलै-ऑगस्टमध्ये, नवी मुलं सामान उतरवत असताना. दिवाळीनंतर वाचून उपयोग नसतो.

एक गोष्ट आम्हाला मेसवाल्या ताईंनी शिकवली. इथल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. मुलं दुपारी उशिरा जेवतात आणि रात्री शेंगदाणे-शेव यांच्यावर पिऊ लागतात. रिकाम्या पोटात दारू भराभर रक्तात जाते. पोटात वरण-भात असेल तर तिला वेळ लागतो. ताईंनी रविवारी संध्याकाळी नुसती खिचडी-कढी सुरू केली, आम्ही चौदा घरांनी पहिले दोन महिने तोट्याची हमी घेतली. हमीचे पैसे द्यायची वेळ आली नाही.

दुकानाचं काम सर्वांत अवघड गेलं. मध्य प्रदेशात 21 वर्षांखालच्याला दारू विकता येत नाही, म्हणजे बारावीनंतर आलेला मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत कायद्याने ग्राहकच नाही. आम्ही पाच जणी दुकानावर गेलो, वय विचारा एवढंच म्हणालो. हसले. मग अबकारी खात्याकडे लेखी तक्रार, पुन्हा तक्रार, पोचपावत्या जपून. आता संध्याकाळी ओळखपत्र मागतात, रोज नाही. यात खरी मेख अशी, की दारूच्या महसुलावर राज्याचा गाडा चालतो, आणि दर वाढवणं, दुकानं कमी करणं हे सगळ्यात परिणामकारक उपाय भोपाळला ठरतात, गल्लीत ठरत नाहीत.

"सगळेच पितात" या समजुतीबद्दल दोन शब्द. 1986 मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघा अभ्यासकांनी दाखवलं, की विद्यार्थी बरोबरीच्या मुलांचं पिणं असतं त्यापेक्षा फार जास्त धरून चालतात आणि मग त्या कल्पनेला गाठायला जातात. पोस्टर लावून ही समजूत जात नाही, पोस्टरांचे निकाल तिकडेही कच्चेच निघाले. एकेकाशी बोलून, त्याचं स्वतःचं पिणं खऱ्या आकड्यांशेजारी ठेवलं तर फरक पडतो. आपला आकडा 2019 च्या राष्ट्रीय पाहणीतला आहे: 10 ते 75 वयाच्या पुरुषांपैकी 27.3 टक्के पितात. हे सांगितलं की व्हरांड्यातली न पिणारी मुलं जरा ताठ बसतात.

बोलण्याची पद्धतही शिकता येते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, नाव ऑडिट. किती वेळा पिता, एका वेळी किती मापं, सहा किंवा जास्त मापं किती वेळा होतात, असे प्रश्न. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले तर बोलायची वेळ झाली. अमेरिकेत अशा बोलण्यासाठी सुमारे पाऊण-एक तासाच्या दोन भेटी कॉलेजांत चालतात. त्यात उपदेश नसतो, मुलाला स्वतःचा हिशेब दाखवला जातो आणि तो काय बदलू शकेल हे त्यालाच विचारलं जातं. हे काम डॉक्टरच करू शकतात असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी घातक पिणाऱ्या पुरुषांशी अशा काही भेटी केल्या. 2017 मध्ये छापलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी त्यातले 36 टक्के सुरक्षित पातळीवर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. आपल्या देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते, हे त्याच 2019 च्या पाहणीने सांगितलं आहे. त्यामुळे बोलायला शिकलेली माणसं प्रत्येक वस्तीत लागणार. ज्याचं पिणं व्यसनाकडे झुकलं आहे त्याच्यासाठी 14446 हा सरकारी मोफत क्रमांक आहे; मन ढासळलं असेल तर टेलिमानस, 14416. खोल्यांच्या दारामागच्या कागदावर हे दोन्ही आता छापले आहेत.

आमच्या गल्लीत पिणं थांबलेलं नाही. सोमवारी सकाळी प्लॉट झाडणाऱ्या मावशी सांगतात, बाटल्या कमी झाल्या, पण दोन गल्ल्या पलीकडे वाढल्या. पलीकडच्या गल्लीशी बोलणी सुरू आहेत.

नोव्हेंबरात रात्री साडेबाराला बेल वाजली. दारात दोन मुलं, ओळखीची नव्हती. पाचव्या घराच्या गच्चीवरून धावत आली होती, एकाच्या पायात चप्पल नव्हती. "काकू, कागदावर तुमचा नंबर होता, फोन लागला नाही म्हणून आलो. आम्ही त्याला कुशीवर ठेवलाय. एक जण जवळ बसलाय. श्वास मोजतोय." मी विचारलं, किती. "अकरा." 108 ला फोन लावत मी चपला घातल्या.